विषय: दोन्ही चाव्या माझ्या हातात असताना गाडी चोरीला गेली, त्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तक्रार क्रमांक आणि चॅसिस नंबर तुमच्याकडे आहेत. आज दुपारी तुमच्या माणसाने चौथ्यांदा फोन करून चौथ्यांदा तेच ऐकवलं, म्हणून हे लेखी देतोय.

पहाटे तीनच्या सुमारास गाडी कोल्हापुरातल्या आमच्या दारातून गेली. समोरच्यांच्या सीसीटीव्हीत सगळं दिसतं. एक जण बॅग घेऊन गाडीच्या दाराशी उभा, दुसरा आमच्या पुढच्या भिंतीला जवळजवळ चिकटून. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही. मिनिटभरात दार उघडलं, इंजिन सुरू झालं, गाडी गेली. चावी त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला खुंटीवर होती. दुसरी कपाटात. डिकीत आईची व्हीलचेअर होती, तीही गेली.

हे कसं होतं ते तुमच्या इंजिनिअरना माहीत आहे. गाडी कीलेस आहे, म्हणजे चावी नुसती खिशात असली तरी दार उघडतं आणि इंजिन सुरू होतं. त्यासाठी गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास रेडिओने चावीला हाक मारते. ती हाक दीड-दोन मीटरपलीकडे पोचत नाही, म्हणून उत्तर आलं की चावी जवळच आहे असं गाडी धरून चालते. चोरांनी ती हाक भिंतीआडच्या चावीपर्यंत नेली आणि चावीने खरंखुरं उत्तर दिलं. तुमचा कोड कुणी फोडलाच नाही, मग तो कितीही पक्का असून काय उपयोग? इंजिन एकदा सुरू झालं की चावी मागे राहिली तरी बंद पडत नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हा प्रयोग करून २०११ साली प्रसिद्ध केला. सगळ्या गाड्यांवर तो चालला. त्यानंतर काही कंपन्यांनी हालचाल थांबली की झोपी जाणारी चावी दिली, काहींनी अंतर मोजणारी अल्ट्रा वाइडबँड चावी दिली. तुम्ही मला यातलं काहीच दिलं नाही. मॅन्युअलमध्ये इशाऱ्याची एक ओळही नाही. ‘चावी खिशातच राहू द्या’ एवढं मात्र ठळक छापलंय.

आता आजच्या फोनबद्दल. तुमचे अधिकारी म्हणाले, “चावीशिवाय आमची गाडी सुरूच होत नाही.” मी म्हटलं, दोन्ही चाव्या माझ्या हातात आहेत. ते म्हणाले, “मग घरातल्या कुणी दिली असेल.” मी सीसीटीव्हीचं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “घरात तरुण मुलगा आहे का? वय किती?” मी एकोणीस सांगितलं, कारण प्रश्नाचा रोख तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. “मित्रमंडळी कशी आहेत त्याची? एकदा शांतपणे विचारून बघा.” फोन स्पीकरवर होता. मुलगा शेजारीच चहा घेत बसला होता. कप तसाच ठेवून तो आत गेला. रात्री जेवायला आला नाही. त्या पहाटे गाडी गेल्याचं पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं होतं आणि अनवाणी कोपऱ्यापर्यंत तोच धावला होता.

तुमच्या कुलपातली खोट झाकायला तुम्ही माझ्या मुलाला चोर ठरवलंत. वडिलांपासून आमच्या घरी तुमच्याच कंपनीची गाडी आहे. शेजारच्या दोघांनी माझ्या सांगण्यावरून तुमची गाडी घेतली. त्यांना मी आता काय सांगू?

दोन्ही चाव्या उद्या विमा कंपनीकडे जमा करायच्या आहेत. चावी घरात असतानाही ही गाडी अशी उघडून नेता येते, असं तुमचं लेखी पत्र मला हवं आहे. त्यावाचून माझा दावा अडला आहे. ज्यांच्याकडे हे मॉडेल आहे त्या सगळ्यांना इशारा द्या आणि कीलेस बंद करून हवं असेल त्यांना ते सर्व्हिस सेंटरमध्ये फुकट करून द्या. माझ्या शेजाऱ्यांच्या गाड्या आज रात्रीही रस्त्यावरच उभ्या आहेत.

पंधरा दिवसांत पत्र आलं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्याने मला ती राहत्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावं लागत नाही. फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ते पुसू नका.

त्या अधिकाऱ्यांनी माझ्या मुलाला फोन करून माफी मागावी. फोन मला करू नये, त्याला करावा.

सोबत: एफआयआरची प्रत, सीसीटीव्ही चित्रण, दोन्ही चाव्यांचा फोटो.