अजिंठा नव्हे, सांची

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मला पुढे बोलूच दिलं नसतं, म्हणून लिहितेय. तिकिटं काढून झाली. गोवा एक्सप्रेस, मडगाव ते भोपाळ, डिसेंबरचा पहिला आठवडा, तुम्हां दोघांनाही खालचे बर्थ. अजिंठ्याला नाही, आपण सांचीला चाललोय.

बाबा, लगेच पत्र खाली ठेवू नका. अजिंठा तुमच्या मनात किती वर्षं आहे ते मला ठाऊक आहे. पण तिथे आधी पायऱ्या चढायच्या, मग वाघोरा नदीच्या कड्याने एका लेण्यातून दुसऱ्यात, प्रत्येक दाराशी चढ-उतार. २६ नंबरच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध तर पार पुढे. तुम्ही मध्येच परत फिरणाऱ्यातले नाही. डोली मिळते, पण तुम्ही माणसांच्या खांद्यावर बसणार नाही आणि मीही आग्रह करणार नाही. शिवाय चित्रं बघायची म्हणजे अंधारात मान वर करून उभं राहायचं. चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना स्टुलावर काय झालं ते आईने मला सांगितलंय. तिच्यावर चिडू नका, मीच खोदून खोदून विचारलं.

सांचीला गाडी टेकडीवर जाते. वर बरंचसं सपाट, मधे मधे झाडं, दमलं की बसता येतं. मोठा स्तूप साडेसोळा मीटर उंच, त्याच्याभोवतीची खालची प्रदक्षिणा फरसबंदीची आहे, ती सावकाश करू. वरच्या प्रदक्षिणेला जिना आहे, तिथे मी एकटी जाईन आणि फोटो काढून आणीन. दुसरा स्तूप उतारावर खाली आहे, तो सोडायचा. यावर चर्चा नको.

आणि बाबा, सांचीही तुमचीच की. अंड, हर्मिका, छत्र, वेदिका, तोरण हे स्तूपाचे भाग तुम्ही फळ्यावर काढून शिकवलेलं मला अजून तसंच दिसतं, खडूने पांढरी झालेली तुमची बाही सुद्धा. हरवळ्याच्या गुहांत मला कडेवर घेऊन जायचात, आत शिवलिंगं, लोक म्हणणार पांडवांनी कोरल्या, आणि तुम्ही हळूच सांगायचात की इथे आधी बौद्ध भिक्षू राहत असावेत असंही काही अभ्यासक म्हणतात. मला काही कळायचं नाही. धबधब्याच्या आवाजाला घाबरून मी तुमचा शर्ट घट्ट धरलेला असायचा. आता तुम्ही माझा हात धरा, एवढंच म्हणणं आहे.

मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, म्हणजे कोरीव दगडी दारावर, सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, आनंद, याच्या दानाचा लेख आहे. आपल्या पैठणच्या सातवाहनांचं नाव तिकडे विदिशेजवळ! त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचाही लेख आहे. दगडावरचं काम इतकं बारीक का, ते त्यावरून कळतं. पण मला तुम्हाला दाखवायचंय ते पूर्व तोरण. सिद्धार्थ घर सोडून निघतो तो प्रसंग मधल्या तुळईवर आहे. घोडा पुन्हा पुन्हा कोरलाय, पाठीवर कोणी नाही, पण वर छत्र धरलेलं आहे. शेवटी छत्राखाली नुसती पावलं, आणि घोडा परत फिरलेला. बुद्धाला माणसाच्या रूपात न दाखवता सगळी गोष्ट सांगितलीय. फोटोत बघून मी कितीतरी वेळ तिथेच थांबले. हे तुमच्याशेजारी उभं राहून, तुमच्या तोंडून ऐकायचंय.

बुद्धाचे शिष्य सारिपुत्र आणि मोग्गलान यांच्या अस्थी नोव्हेंबरच्या अखेरीस दर्शनाला ठेवतात. आई, तुला त्या बघायला आवडलं असतं हे कळतंय, पण तेव्हा फार गर्दी असते, म्हणून मुद्दाम नंतरचे दिवस घेतले. त्या जिथे असतात त्या चेतियगिरी विहारात जाऊच. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, म्हणून गुरुवार धरलाय. अशोकाच्या स्तंभावरचे चार सिंह तिथेच आहेत. दुसऱ्या दिवशी गाडीने उदयगिरी. भूदेवीला उचलून धरलेला तो भला मोठा वराह पाचव्या लेण्यात आहे. तिथून जवळच हेलिओडोरसचा गरुडस्तंभ, तक्षशिलेहून आलेल्या ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी उभारलेला. गावातले लोक त्याला खांब बाबा म्हणतात. भीमबेटका नाही. दगडधोंड्यांतून चालणं आहे.

आई, खोली तळमजल्यावरची मागितलीय, गरम पाणी आहे, कमोड आहे. जेवणात पोळी-भाजी, डाळ-भात. मासे मिळणार नाहीत हे आधीच सांगते. बाबांच्या पेजेसाठी उकडे तांदूळ थोडे घे, छोटा कुकर मी आणीन. थंडी आपल्यासारखी नसते, तेव्हा कानटोपी, पायमोजे आणि लोकरीची शाल वरच्याच पिशवीत ठेव.

दादा मडगावला गाडीत बसवून देईल. मी पहाटे पुण्याला चढेन, तेवढी एक रात्र तुम्ही दोघंच आहात आणि त्याचंच मला वाईट वाटतंय. साखळीला येऊन तुमच्याबरोबरच निघायचं होतं, पण रजा तेवढी उरली नाही. दूधसागर उजेडातच लागेल बहुतेक, पण बाबा, दारात उभं राहायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये, बॅगेत नाही. चपला नकोत, बूट. ते आतापासून रोज थोडे घालून सवय करा, नवे बूट प्रवासात चावतात. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, आणि ते काय म्हणाले ते आईने मला फोनवर सांगायचं, बाबांनी नाही.

तोरांचं लोणचं प्लास्टिकच्या डब्यात भर, काचेची बाटली नको.

तुमची,
बाय