पडणारी एमसीबी बदलू नका

महोदय,

आगीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे’ हा शब्द ठरलेलाच असतो. वायरिंगच्या कामात आयुष्य गेल्यामुळे तो वाचला की मला प्रश्न पडतो : तिथल्या एमसीबीवर, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचवर, अँपिअरचा आकडा किती होता आणि पुढची वायर किती जाडीची होती? तेवढं कधी छापून येत नाही.

कामावर असताना सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, ‘काका, ही सारखी पडते, मोठी बसवून द्या ना.’ मी नाही म्हटलं की दुसरा कुणीतरी पाच मिनिटांत बसवून देई. एमसीबी असते ती भिंतीतल्या वायरसाठी. तिच्यावरचा आकडा वायरला झेपेल त्यापेक्षा मोठा असून चालत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी लावली, तर ३६ अँपिअर वाहिले तरी ती तासभर ढिम्म हलणार नाही. वायर मात्र पाइपात तापत राहते, आणि साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस.

त्या छोट्या डबीत दोन यंत्रणा असतात, एक संथ आणि एक तापट. संथ म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. जास्त करंट वाहिला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण मोटार सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. लगेच पडली तर पंप कधी चालूच व्हायचा नाही. म्हणून १६ ची एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडत नाही, पण २३ च्या पुढे तासाच्या आत पडलीच पाहिजे. तापट ती तारेची कॉइल. ‘सी’ प्रकारच्या एमसीबीत करंट तिच्यावरच्या आकड्याच्या ५ ते १० पट झाला की ती चुंबकासारखी खटका ओढते, तेही डोळ्याची पापणी लवण्याआधी. संपर्क सुटताना आत ठिणगीचा झोत उठतो. तो पातळ धातूच्या पट्ट्यांच्या कप्प्यात ढकलला जाऊन तुकडे-तुकडे होतो आणि विझतो. या कप्प्याचं मला अजूनही कौतुक वाटतं. या दोन्ही यंत्रणा एकत्र आणणारी छोटी एमसीबी १९२४ मध्ये जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांनी आणली.

काही जण दांडी पडू नये म्हणून दोरीने बांधतात. व्यर्थ आहे, दांडी धरून ठेवली तरी आतला संपर्क सुटतो.

तेव्हा पडते कशी ते बघा. वर करताच पडली तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा दामटून वर करू नका. अर्ध्या-पाऊण तासाने पडत असेल तर बहुतेक वेळा लोड जास्त आहे. एखादं उपकरण दुसऱ्या लाइनवर न्या.

एमसीबीला न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत. सैल स्क्रूपाशी बोर्ड काळा पडेपर्यंत तापतो, पण करंट वाढत नाही, म्हणून ती गप्प राहते. माणसाला बसणारा शॉकही तिला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळताच वीज तोडणारा स्विच, लागते.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे, पुढच्या आगीच्या बातमीत एमसीबीचा आकडा आणि वायरची जाडी तेवढी विचारून छापा.

आपला,
एक निवृत्त वायरमन