मे महिन्यात मी का येऊ शकत नाही

इनुविक,
१२ एप्रिल

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवाचा अर्धा फोन "काय? काय म्हणालीस?" यातच गेला. बाबांना कानाचं यंत्र लावायचं नसतं आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. मुद्द्याचं आधी सांगून टाकते: मे महिन्यात मला येता येणार नाही. आंबे संपतील, माईमावशीकडचं लग्न होऊन जाईल, सगळं मान्य. गणपतीतही जमणार नाही. दिवाळीला नक्की येते. रागवायचं असेल ते पत्र संपल्यावर रागवा.

बाबा, तुमची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे तुम्हाला हे पटकन कळेल. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. कोयनेतून किती क्युसेक सुटलं की आपल्याकडे पाणी कधी चढणार, हा हिशेब तुम्ही झोपेतही मांडाल. इथे कॅनडाच्या उत्तर टोकाला मी जिचं पाणी मोजते, त्या मॅकेन्झी नदीला तो हिशेब लागू पडत नाही. पाणलोट म्हणाल तर सुमारे १८ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या निम्म्याहून जास्त. पण तिचा मोठा पूर पावसाने येत नाही. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, सगळी गोम तिथेच आहे. मे महिन्यात वरच्या अंगाला उबारा येऊन पाणी सुटतं, तेव्हा इथे मुखाशी नदी अजून गोठलेलीच असते. आलेलं पाणी त्या बर्फावर थडकतं, बर्फाचे तक्ते फुटून एकमेकांवर चढतात, एखाद्या वळणावर अडकतात, आणि कुणी न बांधलेला बंधारा उभा राहतो. त्याच्या मागे काही तासांत पाणी मीटर-मीटरने चढतं, बंधारा फुटला की तितक्याच घाईने उतरतं. वर्षातली सगळ्यात उंच पातळी बहुतेक वेळा अशीच येते, मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत. दरवाजे नाहीत, विसर्गाचं वेळापत्रक नाही, फोन करून विचारायला शाखा अभियंता नाही.

तुम्ही लगेच विचारणार, विसर्ग किती? पातळीवरून विसर्ग काढायचं तुमचं कोष्टक या दिवसांत निकामी असतं. पाणी चढलेलं असतं ते पुढच्या अडथळ्यामुळे, त्यामुळे कोष्टकात पाहिलं तर भलताच आकडा निघतो. म्हणून माणूस जागेवर लागतो. बर्फ कुठे अडकला, केव्हा सुटला, काठावर पाणी कुठवर पोचलं, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवावं लागतं. मे महिन्यात ते कुणीतरी म्हणजे मी.

सध्या त्याचीच तयारी चालू आहे. नदीवर मीटरभराहून जाड बर्फ आहे. स्नोमोबाइलच्या मागे लाकडी घसरगाडी जोडायची, तिच्यात ऑगर (मोठं गिरमिट), बॅटऱ्या, केबलची वेटोळी. बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची, आणि दाब मोजणारा सेन्सर पोलादी नळीत घालून, वजन बांधून तळाशी सोडायचा. मीटरभर पाणी म्हणजे साधारण दहा किलोपास्कल दाब. त्यात हवेचा दाबही मिसळलेला असतो, तो वजा करायला दुसरा सेन्सर काठावरच्या झाडाला. आपल्यासारखी उभी मोजपट्टी नदीत रोवून चालत नाही, पहिलाच तक्ता ती मोडून नेतो. काल थर्मामीटर उणे २६ वर होता. पेनातली शाई गोठते, म्हणून सगळ्या नोंदी पेन्सिलीने. तुम्ही सही सोडून सगळं पेन्सिलीने लिहायचात आणि मी हसायचे, ते आठवलं.

आता तुमच्या आवडीचा विषय: बेंचमार्क, म्हणजे जिच्यापासून पातळी मोजायची ती पक्की खूण. तुमचा बेंचमार्क दगडी बांधकामावर कोरलेला, पिढ्या गेल्या तरी जागचा न हलणारा. इथे मुळात जमीनच भरवशाची नाही. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात गोठतो, आणि गोठताना फुगून त्यात रोवलेला खांब थोडा वर उचलतो. उन्हाळ्यात खांब पुरता खाली बसत नाही, कारण तोवर बुडाशी माती भरलेली असते. दरवर्षी असं होत होत चांगला पुरलेला खांब तिरका होऊन बाहेर येतो. त्यामुळे बेंचमार्कसाठी खोल भोक पाडून पोलादी सळई थेट बारमाही गोठलेल्या थरात रोवतात. वरच्या थरातून जाते तिथे तिला सैल नळी आणि मध्ये ग्रीस. माती ओढायची ती नळीला ओढते, सळई सुटी राहते. तरीही एकावर विसंबत नाही. प्रत्येक ठिकाणी तीन बेंचमार्क ठेवून लेव्हल लावून एकमेकांशी ताडून पाहतो. एक जुळला नाही तर तो हलला. तिन्ही जुळले, तर तिन्ही मिळून खचले नाहीत ना, ही शंका उरतेच. मग जीपीएसचं यंत्र मांडून तासन् तास बसायचं. पाणी दहा सेंटीमीटर चढलं की जमीन दहा सेंटीमीटर बसली, हे नीट सांगता आलं नाही तर बाकीचे आकडे कितीही सुबक असोत, फुकट.

म्हणूनच पाण्याची पातळी आणि जमिनीचं तापमान ही दोन कामं इथे एकत्र करावी लागतात. सलग दोन वर्षं किंवा जास्त गोठून राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. डेल्टाची, म्हणजे मुखाशी नदीला फाटे फुटून झालेल्या त्रिभुज प्रदेशाची, माती तरुण आणि पाण्याच्या संगतीतली, म्हणून हा थर इथे साधारण शंभर मीटरच्या आत आहे. पूर्वेला टुकटोयाकटुक गावाच्या बाजूला तो पाचशे मीटरहून खोल जातो. मोठ्या तळ्यांच्या आणि फाट्यांच्या पोटाखाली जमीन गोठतच नाही, कारण हिवाळ्यातही तळाशी पाणी असतं. विंधन भोकांत आम्ही तापमापकांची माळ सोडलेली असते आणि लॉगर वर्षभर नोंद घेतो. बर्फ पडला की जमीन थंड होते असं मला आधी वाटायचं, पण ताजा बर्फ जमिनीवर गोधडीचं काम करतो. जिथे विलोची झुडपं वाढून बर्फ अडवतात, तिथे खालची जमीन उघड्या माळापेक्षा उबदार राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आलेख तर तुम्हाला दाखवायलाच हवा: हवा उणे वीसला गेली तरी जमीन शून्यावर आडवी रेघ मारून आठवडेच्या आठवडे बसून राहते. मातीतलं पाणी गोठताना उष्णता सोडतं, ती संपेपर्यंत पारा हलत नाही.

आई, इतकं वाचून तू कंटाळली असशील. तुझ्या प्रश्नांची उत्तरं: घर गरम आहे, आत साध्या कपड्यांत असते. घर खांबांवर आहे, खाली वारा खेळतो. घराची ऊब जमिनीला लागली तर ती वितळेल आणि घर कलेल, म्हणून सगळं गाव असंच उभं आहे. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळसुद्धा जमिनीत न पुरता लांबलचक पेट्यांतून जमिनीच्या वरून नेलेत. गाव नवंच. पलीकडच्या अक्लाविकला पूर येतो आणि काठ ढासळतो, म्हणून सरकारने १९५० च्या दशकात हे गाव वसवायला घेतलं, १९६१ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. अक्लाविकचे लोक मात्र सगळे हलले नाहीत. ते गाव आजही आहे, २००६ मध्ये पुन्हा बुडालं तरी आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, घरात चिखल झाला, तरी तू पुण्याला राहायला गेली नाहीस, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही.

जेवणाचं ठीक आहे. बर्फ फुटायच्या दिवसांत फेरीबोट बंद आणि बर्फाचा पूलही गेलेला, म्हणून रस्ता काही आठवडे तुटतो. भाजीपाला विमानाने येतो आणि कांद्याचा भाव ऐकून तुला भोवळ येईल. मी आताच कांदे, बटाटे, तूरडाळ भरून ठेवली आहे. वाळवलेला व्हाइटफिश मिळतो, आपल्या सुक्या बोंबलाइतका वास नाही त्याला.

एक मात्र मला इथे येईपर्यंत कळलं नव्हतं. आपल्याकडे पूर आला नाही की आपण नारळ वाढवतो, इथे पूर आला नाही तर पंचाईत. डेल्टा सुमारे १३ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या दीडपट, आणि त्यात तळी सुमारे ४५ हजार. जी तळी उंचावर आहेत त्यांना नदीचं पाणी फक्त बर्फाच्या पुरातच मिळतं. बर्फ हळूहळू, जागच्या जागी कुजून वितळला, बंधारे झालेच नाहीत, तर त्या तळ्यांना त्या वर्षी नदीचं पाणी मिळत नाही आणि ती वर्षागणिक आटत जातात. आमच्यासोबत येणारे एक इनुव्हियालुइट (इथल्या मूळ रहिवाशांपैकी) आजोबा लहानपणी अशा तळ्यांवर मस्करॅट, म्हणजे पाण्यात राहणारा घुशीसारखा प्राणी, धरायचे. कुठल्या तळ्याची पाणथळ मागे हटली ते आमच्या सेन्सरच्या आधी त्यांना दिसतं. २०२४ मध्ये नदी इतकी आटली की वरच्या अंगाच्या नॉर्मन वेल्स गावाला मालाचे बार्ज (सपाट तळाच्या मोठ्या होड्या) जाऊ शकले नाहीत, तेव्हा सगळे हवालदिल झाले होते. पाण्याचे आकडे कमी असले की बातमी होत नाही, हे मला पटत नाही.

गणपतीचं असं, की जमीन किती खोल वितळली हे मोजायची वेळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. शंभर मीटरचा चौरस, दर दहा मीटरवर एक जागा, असे १२१ बिंदू. प्रत्येक ठिकाणी खुणा केलेली सळई दाबायची. मऊ, मऊ, आणि मग एकदम टक्क. तिथे बर्फ. शेवाळाखाली तो कधी गुडघ्याच्याही आत लागतो, फाट्याकाठच्या विलोखाली सळई पुरत नाही. त्याच सुमाराला समुद्रावरून वादळं सुरू होतात. १९९९ च्या सप्टेंबरात वाऱ्याने समुद्राचं पाणी डेल्टाच्या टोकाला कितीतरी आत ढकललं, तळी खारट झाली, आल्डरची झुडपं मैलोन्‌मैल वाळून गेली. तळ्यांच्या गाळात हजार वर्षांत तसं दुसरं काही सापडलं नाही. म्हणून शेवटचे सेन्सर मी सप्टेंबरात काढत नाही, नदी गोठेपर्यंत ठेवते.

तर दिवाळी. एडमंटनपर्यंतचं आणि पुढे मुंबईचं तिकीट बघून ठेवलंय, नोव्हेंबरात तीन आठवडे काढते. आई, फराळ मी आल्यावर करू, आधी करून दमू नकोस. येताना कांदा-लसूण चटणी न्यायची आहे, मिरच्या आत्ताच घेऊन वाळव. बाबा, तुमच्याकडून एक काम हवंय. पुरात मोजपट्टी पाण्याखाली गेली तर रात्री पातळी कशी घ्यायचात, ते सविस्तर लिहून पाठवा, आकृती काढून. इथे सगळ्यांना दाखवायचंय. आणि कानाचं यंत्र लावा.

तुमची
मनू