कायदा शिकवणाऱ्यांचाच कायदा गेला, साहेब!

माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर.

सादर नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीची पदवीधर, जन्मभर इथल्याच कोर्टात वकिली केलेली. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते.

बडोद्यात कायद्याचं शिक्षण कसं रुजलं यावर एक छोटी पुस्तिका करायचं माझ्या मनात होतं. त्यासाठी संस्थानच्या जुन्या आज्ञापत्रिकेतली, म्हणजे तिथल्या सरकारी गॅझेटातली, काही पानं हवी होती: वकिलीच्या परीक्षेचे नियम, सनदा मिळालेल्यांच्या याद्या. एका सरकारी कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी चहा पाजून शब्द दिला, "बेन, दिवाळी पछी बधुं मळी जशे." (दिवाळीनंतर सगळं मिळेल.) दिवाळी गेली, होळी गेली. परवा टपालाने एका ओळीचं पत्र आलं, "रेकॉर्ड उपलब्ध नथी." खालची सही कोणाची, तेही लागत नाही.

उपलब्ध नाही कसं? मी त्या खोलीत डोकावले होते. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे भिंतीशी रचलेले, वर पारव्यांची घाण. एक गठ्ठा खिडकीच्या फटीत कोंबलेला, वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून. लिफ्ट बंद, माझे गुडघे गेलेले, कठड्याला धरून धरून तीन मजले चढले होते मी. माझ्या आजोबांनी संस्थानची परीक्षा देऊन सनद घेतली आणि वरिष्ठ कोर्टापुढे, संस्थानच्या हायकोर्टापुढे, उभे राहिले. त्यांचं नाव त्या यादीत असणार. ते आता कुठल्या खिडकीला लावलंय, एवढं तरी कळवा.

साहेब, हे साधंसुधं रेकॉर्ड नाही. या संस्थानाने बालविवाहाला 1904 साली कायद्याने आळा घातला. इंग्रजांचा शारदा कायदा आला 1929 ला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1906 साली संस्थानभर लागू झालं. देशाला शिक्षण हक्क कायदा करायला 2009 उजाडलं. हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क इथे 1931 साली मिळाला, दिल्लीला त्यासाठी 1955 पर्यंत थांबावं लागलं. त्याच 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश इथेच छापला गेला. आणि घटना समितीतली माणसं बघा. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. त्याच समितीतले कन्हैयालाल मुन्शी बडोदा कॉलेजचे विद्यार्थी. हंसाबेन मेहता तर दिवाण मनुभाईंची लेक आणि आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. (बाबासाहेब 1917 साली इथे नोकरीला आले तेव्हा या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, हेही लिहायला हवं. कमाटीबागेतल्या त्यांच्या स्मारकाला हार घालायला येणारे ते सोयीने विसरतात.)

संस्थान 1 मे 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. विद्यापीठ उभं राहिलं त्याच्या आदल्याच दिवशी, 30 एप्रिलला, स्वतःच्या कायद्यानिशी. घर सोडताना मुलीचं लग्न उरकावं, तशी घाई होती ती. त्या कायद्याच्या छत्राखाली आम्ही लॉ शिकलो. फॅकल्टीतून सुटलं की न्यायमंदिरात जायचं, मागच्या बाकावर बसून उलटतपासणी ऐकायची. खरं शिक्षण तिथेच झालं. 2018 साली कोर्टं तिथून हलली.

तो 1949 चा कायदा 74 वर्षं टिकला. 2023 मध्ये तुमच्या विधानसभेने एकच पब्लिक युनिव्हर्सिटीज कायदा केला आणि अकरा विद्यापीठं एका दावणीला बांधली. विद्यापीठाचा कारभार पाहणारी सेनेट गेली, सिंडिकेट गेली. मी नोंदणीकृत पदवीधर. सेनेटच्या निवडणुकीला रांगेत उभं राहून मत द्यायचे. भांडणं व्हायची, पॅनेल पाडापाडी व्हायची, सगळं मान्य. पण निदान कुणाला तरी जाब विचारता यायचा! आता बोर्ड ऑफ मॅनेजमेंट. मॅनेजमेंट म्हणे! कायदा शिकवणाऱ्या फॅकल्टीच्या डोक्यावरचा कायदा बदलला, तेव्हा तिथल्या एका तरी माजी विद्यार्थ्याला विचारलंत का हो?

बरं, तुम्हाला लॉ स्कूलचं वावडं आहे असंही नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी 2003 साली वेगळा कायदा केलात. चांगलं केलंत. मग त्याला स्वतःचा कायदा चालतो आणि आम्हाला तोच का डोईजड होतो? सरकारी विद्यापीठांत निम्मी शिकवणी हंगामी मास्तरांवर चालते असं मुलं सांगतात. खोटं असेल तर आकडे छापा, मी जाहीर माफी मागते. मास्तर हंगामी, सत्ता मात्र कायम, अशी ही तऱ्हा. खालच्या कारकुनाला विचारावं तर तो वर बोट दाखवतो, वरचे साहेब गांधीनगरकडे, आणि गांधीनगर दिल्लीकडे. दिल्लीने कुणाकडे दाखवायचं, ते एकदा ठरवून टाका.

माझं मागणं फार नाही. आज्ञापत्रिकेचे गठ्ठे पावसाळ्याआधी कोरड्या जागी हलवा आणि स्कॅन करून लोकांना खुले करा. पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी विद्यापीठात परत आणा. आणि उपलब्ध नाही म्हणणाऱ्या साहेबांना ती खोली एकदा उघडून दाखवा.

माहिती अधिकाराचा अर्ज वीस रुपये भरून टाकला आहे. तीस दिवसांची मुदत तुम्हाला माझ्याइतकीच पाठ असेल.

आपली,
एक नोंदणीकृत पदवीधर
(हे पद अजून शिल्लक आहे की तेही गेलं, कृपया कळवावं)
दांडिया बाजार, बडोदे