डीन व्हिलेज : किल्ला नव्हे, पिठाच्या चक्क्यांचे गाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्कॉटलंडमधल्या एडिनबराला जाणारे मराठी पर्यटक हल्ली तिथल्या डीन व्हिलेज या जुन्या गावठाणात हमखास जातात. पुरवण्यांमध्ये 'वॉटर ऑफ लीथ' नदीकाठच्या तांबड्या इमारतीचा फोटो वरचेवर येतो आणि खाली 'मध्ययुगीन किल्ला' असे काहीतरी लिहिलेले असते. ते चूक आहे. ती इमारत म्हणजे वेल कोर्ट. 'द स्कॉट्समन' या वृत्तपत्राचे मालक जॉन रिची फिंडले यांनी १८८३ ते १८८६ दरम्यान कामगारांच्या राहण्यासाठी ती बांधून घेतली. आजही तिथे लोक राहतात, तेव्हा आतल्या चौकात शिरून फोटो काढू नयेत.

गाव त्याहून कितीतरी जुने. बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या पहिल्या डेव्हिड राजाने होलीरूड मठाला दिलेल्या सनदेतही इथल्या चक्क्यांचा उल्लेख आहे. ऐन भरात इथे ११ पाणचक्क्या चालत. कारण सरळ आहे: नदी इथे खोल घळीतून उतरते. बंधारा घालून पाणी अडवायचे, काठाच्या पाटाने चाकावर सोडायचे आणि खालच्या अंगाला पुन्हा नदीत. उन्हाळ्यात पाणी आटले की दळण थांबते. पूर आला तरी थांबतेच, कारण खालचे पाणी चढून चाक बुडते आणि फिरेनासे होते.

मिलर रो या गल्लीत जुन्या चक्कीचे तीन दगड ठेवले आहेत. लोक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, याचे वाईट वाटते. दळण सगळे या दगडांवर अवलंबून. जात्याप्रमाणेच खालची तळी स्थिर, वरची फिरती. तोंडावरच्या खाचा पीठ बाहेर सारतात आणि दगड थंड ठेवतात. खाचा झिजल्या की पीठ तापून चिकट होते, म्हणून दगड उचलून पुन्हा टाकी लावावी, म्हणजे छिन्नीने खाचा पाडाव्या लागतात. धान्य संपूनही चक्की फिरत राहिली तर दगडाला दगड घासून ठिणगी उडते, आणि हवेत पिठाची धूळ असल्यावर आग लागायला तेवढी पुरते.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाकडून चालत दहाएक मिनिटे. डीन ब्रिजच्या अलीकडे डावीकडे बेल्स ब्रे हा उतार लागतो. दगडी फरसबंदी पावसात निसरडी होते, पकड असलेले बूट घालावेत. उताराच्या पायथ्याशी बॅक्स्टर, म्हणजे पाव भाजणाऱ्यांच्या संघाची १६७५ची इमारत आहे. तिच्यावर कोरलेली भट्टीची लांब फावडी नीट पाहावीत.

चक्क्या बंद पडल्या त्या लीथ बंदरातल्या मोठ्या, आधुनिक पीठ गिरण्यांपुढे. अभियंता थॉमस टेलफर्डने बांधलेल्या डीन ब्रिजमुळे १८३१ नंतर वाहतूकही गावाच्या डोक्यावरून जाऊ लागली. १९६०च्या सुमारास गाव मोडकळीला आले होते, नंतर डागडुजी होऊन जुन्या वेस्ट मिलमध्ये घरे झाली.

पुढच्या वेळी फोटोखाली निदान 'कामगार वसाहत, १८८६' एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, एडिनबरा