पेढे आत्ताच नकोत

जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत. आठव्या वेतन आयोगाने पेन्शन अडीचपट होणार का, आमच्या पिढीला म्हातारपणी पेन्शन आहे की नाही, आणि ‘आकृतिबंध’ आला म्हणजे माझी खुर्ची राहते की जाते. आईचा चौथा: शनिवारी सुट्टी असते तरी घरी का येत नाहीस. हिशेब फोनवर सांगून डोक्यात बसत नाही, म्हणून लिहिते. कट्ट्यावरही वाचून दाखवा.

आधी पटीचं. सातव्या आयोगात २.५७ ने गुणलं, हे सगळ्यांना पाठ आहे. कशाला गुणलं, ते विसरतात. समजा तेव्हा मूळ पेन्शन १०,००० होती. १ जानेवारी २०१६ चा महागाई भत्ता १२५ टक्के, म्हणजे भत्ता धरून २२,५०० होत होतेच. नवी मूळ पेन्शन झाली २५,७०० आणि भत्ता पुन्हा शून्यावर आला. खरी वाढ ३,२००, म्हणजे साधारण सव्वाचौदा टक्के. बाकीची पट महागाई भत्त्यानेच आधी खाल्लेली होती.

आता तसंच करा. केंद्राचा महागाई भत्ता जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला, म्हणजे केंद्राच्या हिशेबात १.५८ पट आधीच आली. उद्या कुणी १.९२ ची पट म्हणाला तर १.९२ भागिले १.५८, म्हणजे सुमारे साडेएकवीस टक्के वाढ. २.५७ म्हणाला तर बासष्ट टक्क्यांच्या वर. ते होईल असं मला तरी वाटत नाही. शिवाय आयोग लागू होईपर्यंत भत्ता वाढत राहणार, तेवढा भाजकही वाढणार. तुमचा आणखी एक बारकावा: अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा जो भाग निवृत्तीच्या वेळी एकरकमी घेतला त्याची, जी रक्कम दर महिन्याला कापली जाते, ती सुधारित पेन्शनमधूनही तेवढीच कापली जाते. ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते.

वेळेचंही सांगते. आयोगाची घोषणा १६ जानेवारी २०२५ ला झाली, पण कार्यकक्षेला मंजुरी मिळाली २८ ऑक्टोबर २०२५ ला. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आणि मुदत अठरा महिने. म्हणजे अहवालच २०२७ मध्ये. मग केंद्राचा निर्णय, मग राज्याचा. सातव्या वेळी केंद्राने जुलै २०१६ मध्ये नियम काढले आणि आपल्या राज्याने ३० जानेवारी २०१९ ला. लागू २०१६ पासूनच केले, पण थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत आली. नोकरीतल्यांची भविष्यनिर्वाह निधीत, तुमच्यासारख्यांची रोख. तेव्हा वरच्या मजल्याचं बांधकाम या पैशावर काढू नका.

माणसं पटीवर भांडतात, पण माझ्या मते पैसे जातात ते वेतननिश्चितीत, म्हणजे जुन्या पगारावरून नवा ठरवताना. एक उदाहरण बघा. लिपिक, वेतनबँडमधलं वेतन ५,८३० आणि ग्रेड पे १,९००, मिळून ७,७३०. गुणिले २.५७ म्हणजे १९,८६६. हा आकडा वेतनश्रेणीच्या तक्त्यात नाही, म्हणून त्याच्या पुढचा, १९,९००. इथपर्यंत सोपं. गोंधळ होतो तो २०१६ ते २०१९ च्या मधल्या काळात ज्यांची पदोन्नती झाली किंवा आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरच्या वेतनश्रेणीचा) लाभ बसला त्यांच्यात. जुन्या वेतनात पदोन्नतीच्या तारखेपर्यंत राहायचं की १ जानेवारी २०१६ लाच नवं घ्यायचं, याचा विकल्प मुदतीत द्यावा लागायचा. कागद नाही म्हणजे विकल्प नाही. एक वेतनवाढ चुकून जास्त लागली की पुढच्या प्रत्येक वेतनवाढीला ती फुगत जाते आणि सापडते केव्हा, तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर, सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर.

मग वसुली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रफीक मसीह प्रकरणात सांगितलं की वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्याकडून, निवृत्त झालेल्याकडून, वर्षभरात निवृत्त होणाऱ्याकडून किंवा पाच वर्षांहून जुन्या जादा रकमेची अशी वसुली करू नये. लोक हा निकाल खिशात घेऊन फिरतात. पण २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने जगदेव सिंग प्रकरणात म्हटलं की जादा दिलं गेलं तर परत करीन असं वचनपत्र ज्याने दिलं, त्याला निवृत्तीनंतरही ढाल मिळत नाही. आणि वेतननिश्चितीच्या वेळी ते वचनपत्र सगळ्यांकडून भरून घेतलेलं असतं, न वाचता. म्हणून आठव्याच्या वेळी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगणार आहे: वेतननिश्चितीचं विवरणपत्र स्वतः पाहा, सेवापुस्तकातल्या नोंदीशी ताडा, पथकाचा शिक्का आहे ना ते बघा, आणि हे सगळं त्याच वर्षात करा.

आता आमची पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आम्ही मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या दहा टक्के भरतो, सरकार २०१९ पासून चौदा टक्के. मार्च २०२३ चा सात दिवसांचा संप, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’, त्याचसाठी होता. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत ५० लाख साठले तर किमान चाळीस टक्के, म्हणजे वीस लाखांची वार्षिकी (विमा कंपनीकडून मिळणारी ठरावीक पेन्शन) घ्यावी लागते. सहा टक्के दर धरला तर महिन्याला दहा हजार, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. उरलेले तीस लाख हातात येतात. ते कुठे जातात, हे लग्न-घर झालेल्या कुणालाही विचारा.

दुसरी वाट यूपीएस, म्हणजे एकीकृत निवृत्तिवेतन योजना. राज्याने २५ ऑगस्ट २०२४ च्या मंत्रिमंडळ बैठकीत ती १ मार्च २०२४ पासून स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, आणि मागे राहिलेल्याला साठ टक्के. सरासरी ७०,००० असेल तर ३५,००० पासून सुरुवात. सेवा दहा वर्षं ते पंचवीसच्या मध्ये असेल तर त्या प्रमाणात, किमान १०,०००. शिवाय प्रत्येक पूर्ण सहामाहीमागे मूळ अधिक भत्त्याचा दहावा हिस्सा एकरकमी. ७०,००० वर ५८ टक्के भत्ता म्हणजे १,१०,६००. त्याचा दहावा भाग ११,०६०, आणि तीस वर्षांच्या साठ सहामाह्या: ६,६३,६००. ऐकायला छान वाटतं, पण साठलेला निधी मात्र योजनेच्या पुंजीत जातो. त्यातला काढून घ्याल तितकी पेन्शन कमी. ‘दोन्ही मिळणार’ म्हणणाऱ्याने नियम वाचलेला नाही.

यातला खरा धोका मात्र तिसराच. परिभाषित अंशदान योजनेच्या, म्हणजे आमच्या राष्ट्रीय योजनेच्या आधीच्या रूपाच्या, सुरुवातीच्या वर्षांतले हप्ते कापले गेले, पण खात्यावर पोचलेच नाहीत, अशी प्रकरणं आहेत, विशेषतः बदलीने एका कोषागारातून दुसरीकडे गेलेल्यांची. पगारपत्रकात कपात दिसते, विवरणपत्रात ती ओळ नाही. प्राण क्रमांकाचं, म्हणजे आमच्या पेन्शन खात्याचं, वार्षिक विवरण काढून महिन्यामहिन्याने पगारपत्रकाशी जुळवायचं आणि गहाळ महिना दिसला की आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगार काढून देणाऱ्याकडे) लेखी अर्ज द्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही.

आकृतिबंधाबद्दल घाबरू नका, पण बेसावधही राहू नका. आकृतिबंध म्हणजे कार्यालयात कोणती पदं किती, याचा मंजूर तक्ता. सुधारणेत पद ‘व्यपगत’, म्हणजे रद्द, झालं तर बहुतेकदा रिकामं पद जातं. भरलेलं पद ‘मृत संवर्गात’ गेलं तर माणूस निवृत्त होईपर्यंत तिथेच, मागून भरती नाही. तिसरी शक्यता ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे समावेशन. यात पगाराला संरक्षण मिळालं तरी ज्येष्ठतेचं तसं नाही. नव्या संवर्गाच्या यादीत तळाला गेलात की पदोन्नती कित्येक वर्षं मागे. म्हणून १ जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की आपली तारीख बघून मुदतीत हरकत नोंदवायची. अंतिम झाल्यावर रडण्यात अर्थ नाही.

बाबा, तुम्हाला वीज मंडळ आठवत असेल. ६ जून २००५ ला त्याच्या कंपन्या झाल्या. वीज कायद्याच्या कलम १३३ मुळे सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट करता येत नव्हत्या, माणसं तीच राहिली, फाटकावरची पाटी बदलली. कायद्यात असं कलम असलं की पुनर्रचना पचते. नसलं की काय होतं, ते बाह्यस्रोताच्या भरतीत दिसतं. कंत्राटी भरतीसाठी नऊ संस्था नेमल्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय ऑक्टोबरमध्ये ओरड झाल्यावर रद्द झाला, पण शिपाई आणि वाहनचालकांच्या रिकाम्या खुर्च्या अजूनही बऱ्याचदा एजन्सीच्याच माणसाने भरतात. शेजारी बसून तेच काम, निम्मा पगार.

आई, तुझा शनिवार. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. आधी दुसरा-चौथा शनिवार सोडून वर्षाचे २८८ दिवस, रोज सव्वासात तास, एकूण २,०८८ तास भरायचे. आता २६४ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २,११२. सुट्ट्या चोवीस वाढल्या आणि तासही चोवीस वाढले! वेळ पावणेदहा ते सव्वासहा. शिपायांना त्याहून लवकर यावं आणि उशिरा जावं लागतं. रुग्णालयं, पोलीस, तुरुंग, पाणीपुरवठा, शाळा यांना यातलं काही नाही. आणि निवडणूक, अधिवेशन, मार्चअखेर आली की शनिवार आमचाही नाही.

या महिन्यात येते आहे. बाबा, तोवर पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स काढून ठेवा. अंशराशीकरणाची तारीख त्यावर आहे, पंधरा वर्षं केव्हा भरतात ते बघून कोषागाराला द्यायचा अर्ज मीच लिहीन. आई, तिळगूळ तुझ्या हातचाच, मी इथून विकतचा आणत नाही.

तुमची
लेक