प्रिन्सची सावली

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर माझा लॅपटॉप बघून हसलास. म्हणे, "आई, हा कसला बाहुला नाचवतेस?" अरे, तो प्रिन्स आहे. तुझ्या बाबांच्या आधीपासूनची आमची ओळख!

1995 साली सांगलीत मी कॉम्प्युटर क्लासला जायचे. चपला बाहेर काढायच्या, कारण आत एसी आणि 'मशिन'. एका मशिनवर दोघी, तासाची बॅच. सर चहाला गेले की वर्डस्टार (टायपिंगचं सॉफ्टवेअर) बंद, 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम चालू. राजकन्येला सोडवायला 60 मिनिटं. आमची अख्खी बॅचच तेवढी. त्यातली चहाची किती, तूच हिशेब कर.

आधी तळघरात तलवार शोधायची. मग पहारेकरी. शिफ्टनं वार, वरच्या बाणानं अडवायचं. नुसती बडवाबडवी केलीस की मेलास. त्याचा वार येतो तेवढ्यात अडवायचा आणि लगेच आपला. खाली डावीकडे आपल्या जिवाचे तीन लाल त्रिकोण, उजवीकडे त्याचे निळे; वार लागला की एक कमी. (आमच्या मॉनिटरवर दोन्ही करडेच!) मैत्रीण दाराकडे डोळे लावून बसलेली.

तुमच्या गेममध्ये घामाचा थेंबसुद्धा दिसतो, मान्य. पण प्रिन्सच्या अंगाला वजन आहे. धावता धावता थांबवला तर जरा घसरतो. 1989 चा हा गेम जॉर्डन मेक्नरचा, मूळ अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी केलेला. त्यानं धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळवलं, उड्या मारायला लावल्या, शूटिंग केलं आणि एकेक चित्र गिरवून काढलं. तलवारबाजी 1938 च्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या द्वंद्वावरून घेतली. संगीत वडिलांचं. म्हणजे सगळं घर कामाला! त्याच वडिलांना 2012 मध्ये कपाटात गेमच्या मूळ कोडच्या फ्लॉप्या सापडल्या. आणि तू मला माळा रिकामा कर म्हणतोस.

पण खरी गंमत सावलीची. मशिनची मेमरी संपत आलेली, नव्या शत्रूची चित्रं मावेनात. मग प्रिन्सचीच चित्रं किंचित सरकवून त्यांच्यावरच ठेवली आणि चमचमती सावली तयार! आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते. पुढे तुझं औषध पिऊन पळते, तोंडावर दार लावते.

कंट्रोल आणि जी दाबलं की गेम सेव्ह होतो हे कळल्यावर कशीबशी बाराव्या लेव्हलला पोचले. समोर तीच, तलवार उपसून. मी वार केला तर त्रिकोण माझाही गेला. पुन्हा वार, पुन्हा तेच. दोन महिने नुसती मरत होते. मग एकदा सरांची चाहूल लागली, घाईत भलतीच की दाबली गेली आणि...

पुढचं दिवाळीत घरी आल्यावर. यूट्यूबवर बघितलंस तर चकली मिळणार नाही. आणि येताना एक कीबोर्ड आण, माझ्या लॅपटॉपची शिफ्ट अडकते.

तुझी,
आई